रुळांवरची धाव : एका खेळाचे दोन निकाल

१

साधारण २०१३-१४च्या सुमारास ठाणे-कल्याण मार्गावर ज्यांनी रोजचा प्रवास केला, त्यांना एक दृश्य आठवत असेल. संध्याकाळची गाडी मुंब्र्याच्या आसपास रेंगाळलेली आहे. चौथ्या सीटवर कसाबसा टेकलेला एक मुलगा हातातल्या फोनवर बोट फिरवतो आहे. फोनच्या पडद्यावर टोपी घातलेला एक पोरगा रुळांवरून धावत सुटला आहे, समोरून गाड्या येत आहेत, तो त्या चुकवतो आहे, त्यांच्या टपांवर चढतो आहे. खिडकीबाहेर तेच रूळ आहेत आणि त्यांवरून, पूल लांब पडतो म्हणून, खरीच माणसे पलीकडे चालली आहेत. डब्यातल्या कोणालाही या दोन दृश्यांत काही विसंगती जाणवत नाही.

त्या खेळाचे नाव ‘सबवे सर्फर्स’. डेन्मार्कमधील किलू आणि सायबो या दोन कंपन्यांनी तो मे २०१२ मध्ये बाजारात आणला. मार्च २०१८ मध्ये तो गूगलच्या प्ले स्टोअरवर शंभर कोटी वेळा उतरवून घेतला गेलेला पहिला खेळ ठरला. लोकप्रियतेचे हे प्रमाण कोणत्याही कादंबरीच्या किंवा चित्रपटाच्या वाट्याला क्वचितच येते. तरीही खेळांच्या समीक्षेत या खेळाला जे स्थान मिळाले ते दुय्यमच. प्रस्तुत लेखाचा विषय हा दुभंग आहे : खेळाडूंचा निकाल एक, समीक्षकांचा दुसरा. हे दोन्ही निकाल ठाणे-डोंबिवली-कल्याण या पट्ट्यात आणून ठेवले, तर दोहोंतही काहीतरी निसटले आहे असे दिसू लागते, आणि जे निसटले ते केवळ रसिकतेच्या प्रश्नापुरते मर्यादित नाही.

२

प्रथम या खेळाची वंशावळ पाहू. उड्या मारत, अडथळे चुकवत एका आधारावरून दुसऱ्या आधारावर जाण्याच्या खेळांना ‘प्लॅटफॉर्म गेम’ म्हणतात. (आपल्याकडे प्लॅटफॉर्म म्हटले की फलाटच डोळ्यांसमोर येतो, आणि या लेखापुरते ते अगदीच चुकीचे नाही.) या प्रकाराचा आरंभ बहुधा १९८१ च्या ‘डॉंकी काँग’पासून मानला जातो. तिथेही नेपथ्य शहरीच होते : अर्धवट बांधलेल्या इमारतीचे लोखंडी सांगाडे. पुढे ‘मारिओ’च्या रूपाने हा प्रकार शहर सोडून कल्पित राज्यांत गेला. नव्वदच्या दशकात आपल्या मध्यमवर्गीय घरांत तो टीव्हीला जोडायच्या स्वस्त यंत्रांतून आणि एकाच कॅसेटमध्ये शेकडो खेळ असल्याचा दावा करणाऱ्या कॅसेटींतून पोहोचला.

शहर पुन्हा केंद्रस्थानी आले ते निराळ्या वाटेने. सत्तर-ऐंशीच्या दशकांत न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेचे डबे तरुण मुले रंगाच्या फवाऱ्यांनी रंगवत होती. तेथील प्रशासनाने मे १९८९ मध्ये शेवटचा रंगवलेला डबा सेवेतून काढला. पण त्या भित्तिचित्रांची शैली तोवर जगभर पसरली होती. २००० साली सेगा कंपनीने ‘जेट सेट रेडिओ’ हा खेळ आणला. चाकांचे बूट घालून टोकियोच्या रस्त्यांवर घसरत जायचे, पोलिसांना चुकवायचे आणि भिंती रंगवायच्या, असे त्याचे स्वरूप. समीक्षकांनी त्याच्या चित्रशैलीचे भरभरून कौतुक केले. खप मात्र बेताचाच राहिला. २००६ साली भित्तिचित्रांवरच बेतलेल्या ‘गेटिंग अप’ या खेळाला ऑस्ट्रेलियात परवानगी नाकारली गेली. त्यामुळे गुन्ह्याला उत्तेजन मिळते, असे कारण देण्यात आले. हा आक्षेप लक्षात ठेवावा. पुढे त्याच्याकडे परत यायचे आहे.

‘सबवे सर्फर्स’ या परंपरेतलाच. सायबोचे संस्थापक सिल्व्हेस्टर रिशोय येन्सन आणि बोडी यान-मुलिनर यांनी विद्यार्थिदशेत ‘ट्रेनबॉम्बिंग’ नावाचा एक छोटा चलच्चित्रपट केला होता. खेळाचे बीज त्यात आहे. नायक जेक रेल्वेच्या आवारात डबा रंगवत असतो, निरीक्षक आणि त्याचा कुत्रा मागे लागतात, आणि धाव सुरू होते. तीन मार्ग, चार हालचाली : डावीकडे, उजवीकडे, उडी, लोळण. वेग वाढत जातो आणि शेवट जिंकण्याने होत नाही. तो नेहमी धडकेनेच होतो.

३

आता समीक्षकांकडे वळू. शहरी धावेच्या खेळांपैकी त्यांनी मान दिला तो प्रामुख्याने दोन कृतींना. पहिली, २००८ ची ‘मिरर्स एज’. पाळतीखालच्या एका स्वच्छ, पांढऱ्याशुभ्र शहरात फेथ नावाची तरुणी गच्च्यांवरून निरोप पोहोचवते. खेळाडूला सारे तिच्या डोळ्यांतून दिसते. या दृष्टिकोनाचे नावीन्य बहुतेकांनी मान्य केले, पण मधल्या चकमकी आणि वारंवार पडून शिकण्याची सक्ती अनेकांना खटकली. दुसरी कृती २००९ ची ‘कॅनबॉल्ट’. अॅडम सॉल्ट्समनने केलेला हा छोटा खेळ करड्या रंगाच्या मोजक्या छटांत आहे. कोट घातलेला एक अनामिक माणूस कोसळत्या शहराच्या गच्च्यांवरून पळतो. खेळाडूच्या हाती फक्त उडी आहे. पडल्यावर खेळ सांगतो, तुम्ही इतके मीटर धावलात. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने २०१२ साली आपल्या संग्रहासाठी जे पहिले चौदा खेळ निवडले, त्यांत ‘कॅनबॉल्ट’ होता.

त्याच २०१२ सालात ‘सबवे सर्फर्स’ आला. त्याच्या वाट्याला आलेल्या परीक्षणांचा सूर असा : चित्रण सफाईदार आहे, बोटाच्या इशाऱ्याला खेळ तत्परतेने साथ देतो, पण घडण आदल्या वर्षीच्या ‘टेंपल रन’ची आहे, नवे काही नाही. या मताला आधार आहे. २०१३ पासून हा खेळ जगाच्या सफरीवर निघाला आणि ठरावीक काळाने नवे शहर घेऊ लागला. त्या फेऱ्यात मुंबईही येऊन गेली. पण शहर बदलले म्हणजे मागचा पडदा बदलला. रूळ तेच, गाड्यांची चाल तीच. नाटक तेच ठेवून नेपथ्य बदलण्याचा हा प्रकार. तोचतोपणाबद्दल आणि जाहिरातींबद्दल तक्रार खेळाडूही करतातच. पण तक्रार करून ते पुन्हा खेळतात, आणि समीक्षक पुढच्या खेळाकडे जातो. फरक इथे आहे.

मराठी साहित्याच्या विद्यार्थ्याला ही परिस्थिती अपरिचित नसावी. हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिणारे बाबूराव अर्नाळकर आणि त्यांच्या पुस्तकांसाठी वाचनालयांत लागणाऱ्या रांगा एका बाजूला, आणि त्यांची फारशी दखल न घेणारे वाङ्मयेतिहास दुसऱ्या बाजूला. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. अशा संस्थांना वाचकाची मागणी आणि जाणकारांची निवड यांचा मेळ पिढ्यान् पिढ्या घालावा लागला आहे. मूल्य आणि खप या दोन निराळ्या गोष्टी आहेत हे त्यांना कोणी शिकवावे लागत नाही, आणि खपामागेही वाचकाची काही गरज असते हेही.

ठाणे-कल्याण पट्ट्यातल्या खेळाडूची गरज काय होती? हा खेळ फुकट होता. स्वस्त फोनवर चालत होता. त्याला इंटरनेटची सतत जोडणी लागत नव्हती. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यानंतर डेटा स्वस्त झाला, त्याआधीच्या काळात ही फार मोठी सोय होती. २०२२ मध्ये ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका सुरू होईपर्यंत जलद लोकल १९१६ साली खुल्या झालेल्या पारसिक बोगद्यातून जात. तिथे फोनची रेंज गेली तरी धाव थांबत नसे. एक डाव एक-दोन मिनिटांचा, म्हणजे दोन स्थानकांमधल्या अंतरात सहज मावणारा. आणि तो एका हाताने खेळता येई, कारण दुसरा हात कडी धरण्यात गुंतलेला असे. ‘मिरर्स एज’ला या डब्यात जागाच नव्हती. ज्याला आपण खेळाडूचे मत म्हणतो, त्याचा बराचसा भाग अशा भौतिक कारणांचा असतो, आणि परीक्षणांत तो येत नाही, कारण परीक्षण लिहिणारा बसलेला असतो.

४

इथे एक सैद्धांतिक वाद आठवणे उपयोगाचे आहे. जॅनेट मरी यांनी १९९७ च्या ‘हॅम्लेट ऑन द होलोडेक’ या ग्रंथात ‘टेट्रिस’ या ठोकळ्यांच्या खेळाचा अर्थ लावला होता. त्यांच्या मते तो खेळ म्हणजे कामांच्या ओझ्याखाली दबलेल्या नव्वदच्या दशकातील अमेरिकी जीवनाचे रूपक होय : एक काम जागी बसवावे तोवर दुसरे येऊन पडते. मार्कू एस्केलिनेन या फिनिश अभ्यासकाने २००१ साली ‘गेम स्टडीज’ या नियतकालिकाच्या पहिल्याच अंकात यावर सडकून टीका केली. खेळाच्या नियमांकडे न पाहता त्यावर बाहेरचा अर्थ लादणे म्हणजे त्या खेळावर अन्याय करणे, असा त्याचा रोख होता.

आपल्याकडे हा वाद जुनाच आहे. मर्ढेकरांनी कलाकृतीची लय तिच्या अंतर्गत संबंधांत शोधली. रा. भा. पाटणकरांनी १९७४ च्या ‘सौंदर्यमीमांसे’त कलाव्यवहाराच्या विचारातील दोन ध्रुवांची मांडणी केली : कलेला लौकिक जीवनापासून स्वायत्त मानणारा एक आणि तिला त्या जीवनाशी जोडणारा दुसरा. साहित्यासारख्या कलेचा विचार या दोहोंपैकी एकाच ध्रुवाशी थांबून पुरा होत नाही, हे पाटणकरांच्या वाचकाला ठाऊक असते. एस्केलिनेन पहिल्या ध्रुवाशी उभा आहे, मरीबाई दुसऱ्याशी.

‘सबवे सर्फर्स’ला मरीबाईंची पद्धत लावण्याचा मोह डोंबिवलीकराला सहज होईल. सतत वाढणारा वेग, कधीही न संपणारी धाव, पाठीशी लागलेला तपासनीस, थांबला तो संपला : हे आपलेच ८.०५ चे जीवन नाही काय? वाचन आकर्षक आहे, पण खेळाकडे नीट पाहिले की ते टिकत नाही. कारण या खेळातल्या गाड्या रिकाम्या आहेत. त्यांत कोणी चढत नाही, कोणी उतरत नाही. फलाटावर माणूस नाही. गाडी ही तिथे वाहन नाहीच. ती केवळ अडथळा आहे किंवा टप. आपल्या मार्गावर गाडी म्हणजे सर्वप्रथम माणसे. इतकी, की डब्याचे दार दिसत नाही. या खेळात आपले जीवन नाही. उलट, आपल्या रोजच्या प्रवासातून माणसे वजा केल्यावर जे उरते, ते तिथे आहे. गर्दीतल्या मुलाला त्याचे आकर्षण का वाटावे, याचे उत्तर मला यात दिसते. तीनही मार्ग त्याच्या एकट्यासाठी मोकळे असतात.

दुसरी गोष्ट नियमांची, म्हणजे एस्केलिनेनच्या बाजूची. चांगल्या खेळाचा एक गुण समीक्षक हटकून सांगतात : खेळ न्याय्य असावा. हरलो तर चूक आपली होती असे खेळाडूला वाटले पाहिजे. येणारी गाडी दिसली पाहिजे, तिच्या वेगाचा अंदाज आला पाहिजे, वाचण्याची वाट कुठेतरी असली पाहिजे. ‘सबवे सर्फर्स’ हे काम उत्तम करतो. भडक रंग, रांगेने मांडलेली नाणी, सरळ रेषेतले मार्ग यांमुळे अंतर आणि वेग डोळ्याला क्षणात वाचता येतात. पोरगा आपटतो तो आपल्याच हलगर्जीपणामुळे, आणि पुढच्या क्षणी नवा डाव मांडता येतो. धडकेत रक्त नाही, वेदना नाही.

५

ही न्याय्यता खेळापुरती ठीक आहे. प्रश्न उभा राहतो तो ती खेळाबाहेर आणली जाते तेव्हा.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली गाडी चौदा डबे आणि सुमारे चारशे प्रवासी घेऊन ठाण्याला पोहोचली. १ मे १८५४ रोजी वाट कल्याणपर्यंत गेली. आज या मार्गाच्या दोन्ही बाजूंना सलग वस्ती आहे आणि रूळ गावाच्या मधून जातात. शाळा अलीकडे, बाजार पलीकडे. मुंबईच्या संपूर्ण उपनगरी जाळ्यावर वर्षाकाठी दोन हजारांहून अधिक माणसे मृत्यू पावत आली आहेत. त्यांत रूळ ओलांडताना गेलेल्यांचा वाटा सर्वांत मोठा आणि गाडीतून पडलेल्यांचा त्याखालोखाल. १९८९ च्या रेल्वे कायद्याचे कलम १४७ रूळ ओलांडणे हा अनधिकृत प्रवेशाचा गुन्हा ठरवते. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड.

अशा ठिकाणी, रुळांवर धावणे हे साहस म्हणून दाखवणाऱ्या खेळाबद्दल पालकांच्या आणि शिक्षकांच्या मनात शंका येणे स्वाभाविक आहे. ऑस्ट्रेलियात ‘गेटिंग अप’ला जो आक्षेप घेतला गेला, तोच येथे अधिक गंभीर रूपात उभा राहतो : हा खेळ मुलांना काय शिकवतो? शंका हसण्यावारी नेऊ नये. पण कालक्रम तरी पाहिला पाहिजे. या मार्गावर माणसे रूळ ओलांडत आली ती हा खेळ येण्याच्या कितीतरी आधीपासून. आणि ओलांडणाऱ्यांत घामाघूम होऊन कामावर निघालेले, डोक्यावर ओझे घेतलेले, कधी स्मार्टफोन न हाताळलेले लोकही असतात. जेक रुळांवर उतरतो तो पकडले जाऊ नये म्हणून. आपल्याकडचा माणूस उतरतो तो पूल दूर आहे, अरुंद आहे किंवा गर्दीने भरला आहे म्हणून. दोघांची कृती एकसारखी दिसते, कारणे सर्वस्वी भिन्न आहेत. खेळाला दोष देण्यात एक सोय आहे : पुलाचा प्रश्न मागे पडतो.

म्हणून मला या खेळाशी खरे साम्य दिसते ते रूळ ओलांडणाऱ्यात नव्हे, तर त्याच्याविषयी बोलण्याच्या आपल्या रीतीत. पडला, कारण दारात उभा होता. गेला, कारण कानात इअरफोन होते. हा खेळाचा न्याय आहे : गाडी दिसत होती, वाट होती, चूक तुझी. ९ जून २०२५ रोजी सकाळी मुंब्रा-दिवा दरम्यान वळणावर दोन लोकल एकमेकींशेजारून जात असताना दारांतले प्रवासी खाली पडले आणि त्यांतले काही मरण पावले. ती माणसे रूळ ओलांडत नव्हती. ती गाडीत होती. मात्र आत सरकायला जागा नव्हती. त्यांच्यापुढे तीन मार्ग नव्हते. त्यानंतर नव्या बिगर-वातानुकूलित लोकलनाही आपोआप बंद होणारी दारे बसवण्याचा निर्णय झाला, म्हणजेच दोष केवळ प्रवाशाचा नाही हे एका अर्थी मान्य केले गेले.

याउलट, खेळाची रीत चांगल्या अर्थाने बाहेर आणता येते याचेही एक उदाहरण आपल्याच रेल्वेवर आहे. २००९-१० च्या सुमारास ‘फायनल माइल’ या मुंबईतील सल्लागार संस्थेने वडाळा येथे, मध्य रेल्वेच्या हार्बर मार्गावर, एक प्रयोग केला. मोठी वस्तू प्रत्यक्षात असते त्याहून सावकाश येत आहे असा भास माणसाला होतो, या निरीक्षणापासून त्यांनी सुरुवात केली. मग रुळांखालच्या काही स्लीपरांना ठरावीक अंतराने पिवळा रंग दिला. गाडी त्या पट्ट्यांमागून पट्टे गिळत पुढे येऊ लागली की तिचा खरा वेग डोळ्याला कळतो. शिवाय मोटरमनने एक लांब शिट्टी देण्याऐवजी दोन तुटक शिट्ट्या द्याव्यात असे सुचवले, आणि गाडीखाली येणाऱ्या माणसाच्या भेदरलेल्या चेहऱ्याची छायाचित्रे लावली. तेथील मृत्यूंत लक्षणीय घट झाली. पिवळे स्लीपर आणि खेळातली नाण्यांची रांग एकच काम करतात : वेग वाचता येईल असा करतात. फरक इतकाच, की वडाळ्याच्या प्रयोगात माणूस चुकणार हे गृहीत धरले होते आणि ती चूक प्राणघातक ठरू नये याची जबाबदारी मांडणी करणाऱ्याने आपल्याकडे घेतली होती.

६

तेव्हा दोन निकालांचे काय करायचे? ‘सबवे सर्फर्स’ ही ‘कॅनबॉल्ट’च्या तोडीची कृती आहे असे मी म्हणणार नाही. संग्रहालयाने ‘कॅनबॉल्ट’ निवडला ते योग्यच झाले. त्या करड्या शहरात पळणाऱ्याला पळण्याचे कारण आहे, मागे काही कोसळते आहे, आणि मोजक्या साधनांतून ती भीती आपल्यापर्यंत पोहोचते. ‘सबवे सर्फर्स’मध्ये असे काही नाही, हा समीक्षकांचा निर्णय मान्य करावा लागतो. पण नावीन्य आणि आशय या दोन मोजमापांपलीकडे तो निर्णय गेला नाही, आणि उभ्याने, एका हाताने, रेंजविना खेळणाऱ्या माणसाला त्या खेळाने नेमके काय दिले हे त्याने विचारलेच नाही. खेळाडूंचा निकालही अपुराच, कारण तो आकड्यांत व्यक्त होतो आणि आकडे कारण सांगत नाहीत.

साहित्याच्या वर्गात खेळांचा विचार करायचा झाला, तर माझी सूचना साधी आहे. विद्यार्थ्यांना आधी खेळाचे नियम लिहून काढायला सांगावे : काय करता येते, काय येत नाही, हरणे कशाला म्हणतात, दोष कोणाकडे जातो. मग तो खेळ कुठे, कोणत्या अवस्थेत खेळला जातो ते लिहायला सांगावे. पहिला कागद एस्केलिनेनचा, दुसरा मरीबाईंचा. ठाणे, डोंबिवली किंवा कल्याणच्या महाविद्यालयातील मुलांना दुसऱ्या कागदासाठी फार लांब जावे लागणार नाही. प्रवासी रूळ बाजूने पाहतो. खेळातल्यासारखे समोरून, धावणाऱ्याच्या पाठीमागून, ते पाहतो फक्त मोटरमन. त्याने शिट्टी दिलेली असते, ब्रेक लावलेला असतो, आणि तरीही गाडी काही अंतर पुढे जातेच. त्याच्या जागेवर बसून हा खेळ पुन्हा एकदा पाहावा, आणि मग त्यावर मत द्यावे.